हिलालकाकांचं एकच गाणं

भादव्यातलं ऊन मला आवडत नाही. पाऊस उघडलेला असतो, पण हवा काही सुटत नाही. गटारावरचा चिखल वरून वाळतो, आत ओलाच राहतो, आणि त्यावर पाय पडला की जो वास उठतो तो संध्याकाळपर्यंत चपलेला चिकटून बसतो. गणपती गेलेले असतात. मांडवाचे बांबू रस्त्याच्या कडेला आडवे पडलेले, त्यांच्यावर झेंडूच्या माळा सुकत असतात आणि त्या माळा खायला दिंडोलीपासूनच्या गाई सुरतेतल्या आमच्या नवागामात येतात. लोकांना हे दिवस छान वाटतात. म्हणे, आता नवरात्र, मग दिवाळी! वाटू देत बापडे. माझं डोकं या पंधरा दिवसांत फिरलेलंच असतं. शाळेतल्या पोरांनासुद्धा ते ठाऊक आहे. भादवा संपेपर्यंत बाईंच्या वाटेला जायचं नाही, असं त्यांच्यात ठरलेलं आहे.

त्यात यंदा आमच्या खान्देशी मंडळाचे सेक्रेटरी घरी आले. माणूस चांगला आहे. साड्यांच्या पॅकिंगचं काम करतो, बोलायला लागला की अर्धं मराठी आणि अर्धं गुजराती. "ताई," खुर्चीत बसायच्या आधीच सुरू झाला, "हिलालकाकांना पंचोतेर वर्षं पुरी होतात. हॉल बुक करून टाकला. स्मरणिका काढतोय आपण. तुमचा लेख तर पायजेच. तुम्ही त्यांना नानपणापासून जोयलंय ने?"

"पाहिलंय," मी म्हटलं.

"बस, तेच लिहा! प्लेगच्या टायमाला सगळी सुरत पळाली आणि काका एकटे कसे थांबले, ते. दोन पानं. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायला पायजे, काय?"

मी चहा ठेवला. त्यांच्या कपात साखर टाकायला विसरले. खरं सांगायचं तर विसरले नव्हते. त्यांनी बिचाऱ्यांनी तो तसाच प्यायला आणि मस्त झालाय म्हणाले.

तर हा तो लेख. दोन पानांत मावत नाही, आणि डोळ्यांत पाणी वगैरे येईलच असंही नाही. छापायचा तर छापा. नाही छापलात तर मला नवल वाटणार नाही.

हिलालकाका म्हणजे आमच्या आप्पांचे, माझ्या वडिलांचे, जोडीदार. दोघं अमळनेरजवळच्या एकाच गावचे, एकाच वर्षी सुरतेला आलेले, यंत्रमागाच्या एकाच कारखान्यात लागलेले. नुसते एका कारखान्यात नाही, एकाच मागावर. आप्पा सकाळी सात ते संध्याकाळी सात, काका संध्याकाळी सात ते सकाळी सात. बारा तास एकाचा हात, बारा तास दुसऱ्याचा. माग मात्र कधी थंड पडायचा नाही. एकमेकांना ते रोज भेटायचे ते फक्त पाळी बदलताना, दोन मिनिटं, आणि तेही त्या खडखडाटात ओठांच्या हालचालीवरून बोलायचे.

पाळी सोडायची आमच्या लोकांत एक रीत होती. कुणी लिहून दिलेली नव्हती, शेठलाही तिच्याशी देणंघेणं नव्हतं. वेळ झाली म्हणून माग बंद करून निघायचं नाही. चालता माग मध्येच थांबवून पुन्हा चालू केला की कापडावर आडवा पट्टा पडतो, आणि तो पट्टा कितीही धुतला तरी जात नाही. म्हणून आपल्या जागी येणारा माणूस, म्हणजे बदली, येऊन दांड्यावर हात ठेवेपर्यंत आपला हात काढायचा नाही. आप्पांचा हात, त्याच्यावर काकांचा हात, मग आप्पांचा हात बाहेर. एखाद्याच्या घरी लग्न असो की मयत असो, बदली आली नाही तर माणूस उभाच. आप्पांच्या तोंडून मी शिवी फारशी ऐकली नाही, पण एखाद्याला नावं ठेवायची झाली तर ते म्हणायचे, हा बदली न बघता जाणारा माणूस आहे. त्यापलीकडे त्यांच्याजवळ वाईट शब्द नव्हता.

आणि हिलालकाका गाणी करायचे. हे मात्र कबूल केलं पाहिजे, फार चांगली करायचे. अहिराणीत, मागाच्या ठेक्यावर. सुट्टीच्या दिवशी दुपारी आमच्या खोलीसमोरच्या ओट्यावर बैठक बसायची. आप्पा ढोलकी काढायचे, तिच्या दोऱ्या आवळत बसायचे, आणि काका डोळे मिटून घसा साफ करायचे. माईक नाही, पेटी नाही, काही नाही. त्यांचं एक गाणं धोट्याचं होतं. मागात इकडून तिकडे सुतासकट पळणारा तो लाकडी धोटा. "पयस पयस धोटा, घर काही उनं नही." पळतो, पळतो, पण घर काही येत नाही. एवढीच ओळ, चार चालींनी फिरवायचे. बायका भाकरी थापता थापता उंबऱ्यात येऊन उभ्या राहायच्या. माझी माय म्हणायची, "हिलालभो, तुम्ही रडाडी दिधं." मी तेव्हा अकरावीत होते आणि मला वाटायचं की अख्ख्या सुरतेत माझ्याइतकी नशीबवान मुलगी नाही, जिच्या ओट्यावर असं गाणं होतं.

मग तो भादवा आला. चौऱ्याण्णवचा. तापीचं पाणी येऊन गेलं होतं, मेलेली जनावरं कुठे कुठे अडकून पडली होती, आणि विसर्जन होऊन दोन-चार दिवस झाले नाहीत तोच बातमी फुटली. प्लेग! सकाळी दूधवाला आला तो तोंडाला रुमाल बांधून. दुपारपर्यंत औषधाच्या दुकानांत प्लेगवरच्या कॅप्सूल मिळेनात. कुणी म्हणे पाणी पिऊ नका, कुणी म्हणे पाणीच प्या. आमच्या गल्लीतला डॉक्टर सगळ्यांना घाबरू नका सांगत होता, आणि संध्याकाळी बघते तर त्याच्या दवाखान्याला कुलूप. मायने माझ्या गळ्यात कापराची पुरचुंडी बांधली. तो वास मला आजही नको होतो. देवळात आरतीला कापूर लावला की मी बाहेर येऊन उभी राहते. लोकांना वाटतं, बाईंना देवाचं वावडं आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता हिलालकाका धावत आले. आप्पा पाळीवर होते. "भाबी, चाला लवकर. धुळ्याचा कांद्याचा ट्रक रिकामा चालना, जागा धरीसन ठेयेल शे."

"आन् हाई पोरना बाप?" मायने माझ्याकडे बोट करून विचारलं.

"मी आत्तेच त्याले भेटी उनू. तो म्हने, तुम्ही व्हा पुढे. मी रातनी गाडीवर येस."

आप्पांना भेटून आलो, ते रात्रीच्या गाडीने येतील, असं काकांनी सांगितलं म्हणून आम्ही निघालो. त्या ट्रकमध्ये आमच्या गल्लीतली चाळीस-पन्नास माणसं तरी होती. कांद्याची टरफलं पायाखाली, वर ताडपत्री, आणि कुणी खोकलं की सगळ्यांच्या माना एकदम तिकडे वळायच्या. काका मायच्या गोधडीत डोक्यापर्यंत गुंडाळून बसले होते. नवापूरला एका विहिरीपाशी ट्रक थांबला तर गावची माणसं काठ्या घेऊन उभी. सुरतवाले खाली उतरायचं नाही! लहान मुलं पाणी पाणी करत होती. एका म्हाताऱ्याने लांबून बादली सरकवली आणि आम्ही पाणी पिऊन झाल्यावर ती बादली काठीने ढकलून खड्ड्यात टाकली. माणसं किती लवकर माणसं राहत नाहीत, हे मी त्या दिवशी शिकले. आम्हीही त्यातच आलो.

आमच्या स्वतःच्या गावानेही आम्हाला आत घेतलं नाही. वेशीबाहेरच्या शाळेत ठेवलं. चुलती लांबून डबा ठेवून जायची, कळण्याची भाकरी आणि ठेचा. आप्पा रात्रीच्या गाडीने आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. माय रोज एसटीच्या फाट्यापर्यंत जाऊन उभी राहायची. आणि हिलालकाका शाळेच्या आवारातल्या कडुनिंबाखाली, भाकरी खाऊन झाली की, मांडीवर ताल धरून गुणगुणायचे. चौथ्या की पाचव्या दिवशी गाणं पुरं झालं. त्यांनी मला बोलावून ऐकवलं. पहिल्यांदाच अहिराणीत नव्हतं, पुस्तकी मराठीत होतं.

"सारी सुरत गेली रे, मी गेलो नाही. धोटा थांबला, तरी हात थांबला नाही."

मी म्हटलं, "काका, पण आपण तर इथे आलोय."

ते हसले. "गाणामा चालस, बेटा."

गाण्यात चालतं! तेव्हा मीही हसले होते. मला काय ठाऊक, ते गाणं कुणाचं होतं.

बाराव्या दिवशी आम्ही परतलो. सुरतेकडे येणारी गाडी जवळजवळ रिकामी होती. गल्लीत फिनाईलचा वास, चुन्याच्या पांढऱ्या रेघा, आणि आमच्या ओट्यावर आप्पा पाठमोरे बसलेले. मायने हाक मारली. ते वळले नाहीत. तिने पुन्हा हाक मारली. मग मी ओरडले. समोरच्या घरातली म्हातारी बाहेर आली, पण आप्पा वळले नाहीत. माय पुढे गेली, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा दचकून उभे राहिले, आणि आम्हाला बघून मोठ्याने, फारच मोठ्याने म्हणाले, "उनात का!" आलात का!

झालं होतं ते असं. सात वाजले, बदली आली नाही. आप्पा उभे राहिले. आठ, नऊ, दहा. बाकीचे माग एकेक करून बंद पडत गेले, माणसं निघून गेली. आप्पा वाट बघत सकाळपर्यंत चालवत राहिले, मग वीजच गेली. घरी आले तर कुलूप. ओट्यावर झोपले, संध्याकाळी पुन्हा कारखान्यात गेले, की हिलाल तिथे आला असेल, तो काही निरोप देईल. तिसऱ्या दिवशी ताप भरला. समोरच्या म्हातारीने आजाऱ्यांना उचलून नेणाऱ्या गाडीवाल्यांना सांगितलं, त्यांनी सरकारी दवाखान्यात नेलं. इंजेक्शनं दिली. त्या इंजेक्शनांनी माणूस वाचला आणि कान गेले. डॉक्टरने आधीच सांगितलं होतं म्हणे की असं होऊ शकतं. मागाच्या आवाजाने निम्मे गेलेलेच होते, राहिलेले तिथे संपले. जीव वाचवणाऱ्याला मी दोष देणार नाही. दोष कुणाला द्यायचा ते मला पक्कं माहीत होतं.

काका आठवड्याने आले. माय भाकरी थापत होती. तिने मान वर न करता विचारलं, "हिलालभो, तुम्ही त्या दिवसले कारखानामा गयथात का?"

काका उंबऱ्यापाशीच खाली बसले. मग म्हणाले, "नही, भाबी. मले भेव वाटनं. तठे गऊ असतू ते त्यानी जागा मले उभं ऱ्हावं लागतं." भीती वाटली, तिथे गेलो असतो तर त्याच्या जागी मला उभं राहावं लागलं असतं.

मायने तव्यावरची भाकरी उलटली, चांगली फुगू दिली, आणि ताटात घालून त्यांच्यापुढे ठेवली. वर मिरचीचा ठेचा! काकांनी ती खाल्ली. आप्पा शेजारी बसून हसत होते, जोडीदार परत आला म्हणून. मला मायचा इतका राग आला की मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. आजही पूर्ण गेलेला नाही. तिला विचारलं तर म्हणाली होती, दारात आलेल्याला उपाशी पाठवतात का? पाठवतात! काहींना पाठवलं पाहिजे.

आणि मग सुरू झालं हिलालकाकांचं दुसरं आयुष्य, ज्याबद्दल ही स्मरणिका आहे.

पुढच्याच वर्षी कॅसेट निघाली. कव्हरवर काका गॉगल लावून, मागे कुठल्यातरी बागेतलं कारंजं. माग सुटला. पत्र्याची खोली सुटली, कोसाडकडे पक्कं घर झालं. निवडणूक आली की जीपच्या भोंग्यावर तेच गाणं, उमेदवार कुठलाही असो. सचिनच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखानदारांच्या दिवाळीला तेच. लग्नाच्या वरातीत बँडवाले तेच वाजवायचे, नवरदेवाच्या घोड्यापुढे पोरं "मी गेलो नाही, मी गेलो नाही" म्हणत नाचायची. सांगा, वरातीत नाचायचं गाणं आहे ते? आणि दर भादव्यात सत्कार. शाल, नारळ, हार, आणि बोर्डवर लिहिलेलं, "सुरतेत थांबलेला गायक". पुढच्या कॅसेटी निघाल्या, तीन की चार, पण त्या सगळ्या त्याच गाण्याची भावंडं होती. तीच सुरत, तोच धोटा, तोच हात. पहिली गाणी गेली कुठे? एकदा एका म्हाताऱ्या कारागिराने उठून सांगितलं, हिलालभो, ते पळणाऱ्या धोट्याचं म्हणा ना. काका म्हणाले, ते जुनं झालं रे, आता कोण ऐकतं.

माझी मुलगी पुण्यात शिकते. सुट्टीला आली की कानात बोळे घालून कुठल्याशा आयरिश गायकाची गाणी ऐकते, स्वतः लिहितो आणि स्वतः गातो असा. आता म्हातारा झालाय. ती सांगत होती की उतारवयात तो त्याची गाजलेली गाणी म्हणतच नाही. लोक तिकिटं काढून येतात, त्याच गाण्यांसाठी ओरडतात, हा मान खाली घालून नवीनच काहीतरी संथ, पुटपुटल्यासारखं गातो. काही जण उठून जातात. म्हणतो म्हणे, ते गाणं लिहिणारा माणूस आता मी राहिलो नाही, मग ते कोणत्या तोंडाने गाऊ? "किती प्रामाणिक ना, आई?" मुलगी म्हणाली. मी म्हटलं, चोचले आहेत, पोटभरल्या देशातले. पण रात्रीचं जेवण करताना माझ्या मनात तेच घोळत होतं. आमच्या माणसाला हा प्रश्न एकदाही पडला नाही. त्या गाण्यातला माणूस तो कधीच नव्हता, आणि तीस वर्षं खुशाल गातोय.

आणि लोक? त्यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. सत्काराच्या हॉलमध्ये पुढच्या चार रांगा आमच्याच गल्लीच्या असायच्या. म्हणजे त्याच ट्रकमधल्या! ज्यांनी काकांना गोधडीत गुंडाळलेलं पाहिलं, त्याच बायका पदराने डोळे पुसायच्या. एकीला मी गाठून विचारलं, "मावशी, काका आपल्याबरोबर ट्रकमध्ये नव्हते का?" तिने पदराने नाक पुसलं. म्हणाली, "व्हतात ना. पन गाणं कितलं चांगलं शे वं." नंतर नंतर माझ्या लक्षात आलं की प्रत्येकाला तो दिवस बदलून हवा होता. त्या गाण्यात बसलं की पाच मिनिटं आपणही सुरत सोडलेली नसते. लक्षात आलं म्हणून राग कमी झाला असं नाही.

आता जे मी कुणाला सांगितलेलं नाही ते सांगते. त्या दुपारी काका ट्रकचं सांगून पुढे गेले, तेव्हा मायच्या मनाला काही ते पटलं नव्हतं. ती मला म्हणाली, "शालू, एक चक्कर कारखानामा जाई ये वं. त्यास्ना तोंडथून आयकीसन ये." कारखाना आमच्या खोलीपासून चालत दहा मिनिटांवर. मी म्हटलं, काका सांगतात ना, मग? मला त्या गल्लीतून जायचं नव्हतं. तिथे कोपऱ्यावर उंदीर मेलेला पडला होता आणि कुणी उचलत नव्हतं. मी गेले नाही. काकांनी खोटं सांगितलं, पण ते खोटं मला हवं होतं म्हणून मी घेतलं. गेले असते तर आप्पांना हाताला धरून आणलं असतं. आले असते की नाही, देव जाणे. पण विचारायला कुणीतरी गेलं असतं.

यामुळे असेल, आप्पांशीही मी खोटंच वागले. काका दरवर्षी त्यांना सत्काराला घेऊन जायचे. स्टेजवर शेजारी खुर्ची, खांद्यावर शाल. "हा माझा ढोलकीवाला," असं माईकवरून सांगायचे आणि टाळ्या पडायच्या. आप्पांना काही ऐकू यायचं नाही. ते लोकांकडे बघून हात जोडायचे. पहिल्या वर्षी घरी आल्यावर त्यांनी मला विचारलं, हिलाल काय म्हणत होता? मी पाटीवर लिहिलं, जुनंच. धोट्याचं. ते खूश झाले. दुसऱ्या वर्षी विचारलं, मी तेच लिहिलं. तिसऱ्या वर्षीही. बारा तास ज्याच्यासाठी उभे राहिले त्याने काय गाणं केलंय, हे त्यांना कळू नये, एवढंच मला हवं होतं. त्यांना वाईट वाटेल म्हणून, असं मी स्वतःला सांगायचे.

चौथ्या वर्षीच्या भादव्यात हॉल खचाखच भरला होता. काकांनी गाणं सुरू केलं. आणि खुर्चीत बसलेल्या आप्पांनी, काय मनात आलं कोण जाणे, मांडीवर ठेका धरला. धोट्याच्या गाण्याचा. ते जलद होतं, माग धावतो तसं. हे गाणं संथ. काकांचा शब्द एकीकडे, आप्पांची बोटं भलतीकडे. डोळे मिटून, अगदी रंगात येऊन वाजवत होते. मागच्या रांगेतली कॉलेजची पोरं आधी फिसकन हसली, मग उघड हसायला लागली. काकांनी गाणं न थांबवता आपला हात आप्पांच्या हातावर ठेवला, आणि दाबून धरला. हात थांबला. आप्पांनी डोळे उघडले, समोर हसणारी तोंडं पाहिली, आणि मग खाली आपल्या मांडीकडे बघत राहिले. घरी आल्यावर त्यांनी मला काही विचारलं नाही.

मी सकाळी उठले आणि वहीच्या पानावर ते गाणं लिहून काढलं. काहीही न गाळता. खाली लिहिलं, तुम्हाला तीन वर्षं मी खोटं सांगितलं. तो हेच गातो. तुम्ही थांबलात आणि तो म्हणतो मी थांबलो. आणखी खाली लिहिलं, मायने मला तुम्हाला विचारायला पाठवलं होतं, मी आले नाही. कागद त्यांच्या हातात दिला आणि समोर बसले. ते चौथीपर्यंत शिकलेले. बोट ठेवून, ओठ हलवत, एकेक अक्षर वाचत होते. माय आत पीठ मळत होती. त्यांना राग येऊ दे, असं मी मनातून म्हणत होते. काकांवर येऊ दे, माझ्यावर येऊ दे, पण एकदा येऊ दे.

वाचून झाल्यावर त्यांनी कागद मांडीवर ठेवला. मग नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "मी कोठे थांबनू व्हतू? बदली उनी नही, म्हनीसन ऱ्हायनू. तो येता ते मी बी पयी जातू."

तो आला असता तर मीही पळालो असतो! चार वर्षं मी ज्या माणसाला मनात सगळ्यांच्या वर बसवून ठेवलं होतं, तो माझ्यासमोर बसून हे सांगत होता, आणि त्याला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. माझ्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "तू उनी असती ते बरं व्हतं." तू आली असतीस तर बरं झालं असतं. एवढंच. ना रागाने, ना समजूत काढायला. मला त्यांनी माफही केलं नाही आणि बोलही लावला नाही. ते माझ्याजवळ तसंच आहे.

मग त्यांनी पुन्हा कागद उचलला. पहिली ओळ पुन्हा वाचली. डोळे बारीक केले, आणि विचारलं, "चाल कशी शे?"

मला कळेना. मी हाताने खुणावलं, काय?

"चाल, चाल. वाजाडी दखाड."

मी म्हणणार होते की मला येत नाही. मी हे गाणं कधी म्हटलेलं नाही, आणि लाउडस्पीकरवर लागलं की मी खिडक्या लावून घेते. पण त्यांनी पाठ माझ्याकडे फिरवली आणि सदरा खांद्यावरून सरळ केला, की इथे वाजव. चार वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी त्यांच्या पाठीवर बोटांनी ठेका धरला. संथ, जसा काका घेतात तसा. दोन आवर्तनं झाली, आणि त्यांचा हात समोरच्या पत्र्याच्या पेटीवर पडायला लागला. आधी चाचपडत, मग नेमका. तिसऱ्या आवर्तनात त्यांनी मधली एक जागा भरली, जी काकांच्या कॅसेटमध्ये रिकामीच आहे, आणि गाणं एकदम उभं राहिलं. चांगलं गाणं होतं हो ते. माझा सगळा राग त्याच्यावरच होता, की इतकं चांगलं का व्हावं. ठेका कुठे वळतो ते बोटांना कळावं म्हणून मी शब्द म्हणायला लागले, ज्याला ऐकू येत नाही त्याच्या पाठीमागे बसून, मोठ्याने. माय पिठाचे हात घेऊन दारात येऊन उभी राहिली. मी थांबले नाही. कागद आप्पांच्या मांडीवर पडलेला होता आणि मला तो बघावा लागला नाही. पाचही कडवी मला तोंडपाठ होती.